रिव्हिएरा घेऊन कॉपर हार्बरपर्यंत

आमची गाडी १९६५ ची ब्यूक रिव्हिएरा आहे, दोन दारांची कूप, गडद निळी, आत काळं सीट कव्हर, ४०१ क्यूबिक इंचांचं व्ही-एट इंजिन म्हणजे साधारण ६.६ लिटर. आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये, आणि या भागात जुन्या गाड्यावाले पैशाला पासरी आहेत, पण त्यातल्या बऱ्याच गाड्या ऑगस्टात वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या वेळी चार दिवस बाहेर पडतात आणि परत कव्हर ओढून गराजमध्ये. मला ते कधीच पटलेलं नाही. उभ्या गाडीचे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सुकून चिकट होतं, ट्रान्समिशनची सीलं वाळून गळायला लागतात, टायर एका जागी दबून राहतात. मिशिगनमध्ये हिस्टॉरिक प्लेट, म्हणजे जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट, स्वस्तात मिळते पण तिच्यावर गाडी शो, परेड, क्लबच्या टूर असल्याच कामांना काढता येते, रोजच्या वापराला मोकळीक फक्त ऑगस्ट महिन्यात, म्हणून मी सरळ साधी प्लेट घेतलीय. गाडी चालवायचीच आहे तर पूर्ण वर्षभर चालवू.

यंदा बाबा पुण्याहून आले होते. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आख्खी नोकरी झाली त्यांची. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून बसले. मग ठरलं की मी, बायको, सातवीतली लेक आणि बाबा, चौघांनी ही गाडी घेऊन मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, कॉपर हार्बरला जायचं. या गाडीत सीटाच चार आहेत, पुढे दोन बकेट आणि मागे दोन, मध्ये लांबलचक कन्सोल, त्यामुळे चौघांचा हिशोब बरोबर बसतो. आणि जाताना फ्लिंटवरून जायचं, कारण ही गाडी फ्लिंटची, म्हणजे आधी माहेर आणि मग पुढचा प्रवास.

डिकीत कपड्यांआधी सामान काय गेलं ते सांगतो कारण मला प्रत्येकजण विचारतो. पॉइंट्स आणि कंडेन्सरचा (ठिणगी पाडणारे इग्निशनचे भाग) एक सेट, फॅन बेल्ट दोन्ही साइझचे, रेडिएटरचा वरचा होज, फ्युएल पंप, एक गॅलन कूलंट, इंजिन ऑइल, फ्युज, इंची पान्यांचा सेट, टॉर्च, आणि एक जुनी सतरंजी खाली झोपायला. ऑइल झिंकवालं घ्यावं लागतं, या इंजिनांचे टॅपेट सपाट असतात आणि नव्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं त्यामुळे कॅमशाफ्ट झिजतो. बाकी जागेत बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी बसवली.

शुक्रवार : ट्रॉय ते मॅकिनॉ सिटी

सकाळी लवकर निघालो, हायवे न घेता पाँटिअ‍ॅकवरून जुन्या डिक्सी हायवेने. हा रस्ता आय-७५ यायच्या आधीचा, क्लार्कस्टन, ग्रँड ब्लँक अशी गावं घेत घेत जातो. ताशी पन्नास-पंचावन्न मैलांना ही गाडी जी काय चालते ना, इंजिनचा आवाज जवळजवळ नाहीच, नुसती खालून एक घुमल्यासारखी थरथर. खिडक्या चारही खाली केल्या. या गाडीला दोन खिडक्यांच्या मध्ये खांबच नाहीये, पुढची काच खाली आणि मागची काच खाली केली की पूर्ण बाजू मोकळी, विंडशील्डपासून मागच्या सीटपर्यंत काहीच आडवं येत नाही. लेक मागे बसून हात बाहेर काढायला लागली, तिला आईने दोनदा दम दिला. मागे बसणं सोपं नाही म्हणा, पुढची सीट पुढे पाडून वाकून आत शिरावं लागतं आणि दार एवढं लांब की मॉलच्या पार्किंगमध्ये पूर्ण उघडतच नाही, म्हणून मी कायम पार्किंगच्या टोकाला लावतो.

फ्लिंटला सॅगिनॉ स्ट्रीटवर विटांचा रस्ता आहे अजून, आणि रस्त्यावर लोखंडी कमानी, त्यावर 'व्हेइकल सिटी' लिहिलेलं. हे नाव मोटारींमुळे नाही पडलं, त्याआधी इथे घोडागाड्या बनायच्या त्यावरून पडलं. विल्यम ड्युरंट आणि डॉर्ट यांचा घोडागाड्यांचा कारखाना इथलाच, आणि त्याच ड्युरंटने ब्यूक हाताशी धरून १६ सप्टेंबर १९०८ ला जनरल मोटर्स काढली. डाउनटाउनमध्ये या लोकांचे पुतळे आहेत, डेव्हिड ब्यूकचा पण. आम्ही गाडी रस्त्याकडेला लावली आणि बाबा पुतळे बघत फिरले.

गाडीपाशी परत येतोय तर एक आजोबा उभे, टोपी मागे सारून पुढचं ग्रिल बघतायत. मला विचारलं, नेलहेड का? म्हटलं हो. या इंजिनाला नेलहेड म्हणतात कारण व्हॉल्व्ह उभे आणि बारीक असतात, लांब दांडीचे, खिळ्यासारखे दिसतात. हे आजोबा ब्यूकच्या कारखान्यात क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला होते. मी म्हटलं माझे वडीलपण ग्राइंडिंगवालेच. झालं. बाबांचं इंग्लिश अडखळत आणि आजोबांना यांचा उच्चार कळेना, पण पुढचा बराच वेळ दोघं 'थाऊ' आणि 'टेन्थ' मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या आणि दहाहजाराव्या भागात बोलत होते, कुठल्या व्हीलने किती कट घ्यायचा, कूलंट कसा मारायचा, शेवटी कट न वाढवता व्हील नुसतं फिरू द्यायचं तो स्पार्क-आउट किती वेळ द्यायचा. आजोबांनी हवेत बोटांनी जर्नलची, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाची, गोलाई काढून दाखवली आणि बाबांनी मान हलवून आपल्या अंगठ्याने त्यावर पॉलिश केल्यासारखं केलं. मी आणि लेक नुसते बघत उभे.

मग आम्ही उत्तरेला गेलो जिथे ब्यूक सिटी, म्हणजे ब्यूकचा मोठा कारखाना होता. १९९९ ला बंद झाला, आता बरीचशी मोकळी जमीन, काँक्रीटची फरशी, मधूनमधून उगवलेलं गवत, कुंपण. बाबा काच खाली करून बघत राहिले. त्यांना मी फ्लिंटमधल्या जनरल मोटर्सच्या १९३६-३७ च्या संपाचं सांगितलं, ३० डिसेंबरला कामगार कारखान्यातच मशीनपाशी बसून राहिले, बाहेर आलेच नाहीत, ऐन थंडीत ११ फेब्रुवारीपर्यंत, आणि शेवटी कंपनीला युनियन मानावी लागली. बाबा स्वतः युनियनच्या कमिटीवर होते. म्हणाले, "आत बसले म्हणून जिंकले. बाहेर बसले असते तर दुसरे कामगार आणून मशीन चालू केली असती."

फ्लिंटपासून स्टँडिशपर्यंत आय-७५ ने गेलो, ते भागच होतं. ट्रान्समिशनला तीनच गिअर आणि ओव्हरड्राइव्ह नाही, त्यामुळे सत्तरच्या वर इंजिन उगाच ओरडतं, मी पासष्टला उजव्या लेनमध्ये ठेवतो आणि ज्याला जायचंय त्याला जाऊ देतो. स्टँडिशला यूएस-२३ लागला आणि मग खरी मजा. हा रस्ता ह्युरॉन सरोवराच्या काठाने वर जातो, टॉवास, ऑस्कोडा, हॅरिसव्हिल, अल्पिना. दोन लेनचा रस्ता, उजवीकडे झाडांमधून पाणी, मधेच एखादं दीपगृह. असल्या रस्त्यांसाठीच ही गाडी बनली. चार हजार पौंडांच्या पुढे वजन, मऊ स्प्रिंगा, खड्डा आला तर गाडी एकदा श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते आणि संपलं.

रॉजर्स सिटीला चुनखडीची खाण बघायला थांबलो, जगातली सगळ्यात मोठी चुनखडीची खाण म्हणतात तिला, वरून बघायला जागा केलीय. खाली पिवळे डंपर मुंगीएवढे. इथली चुनखडी बोटीने पोलादाच्या भट्ट्यांना जाते. याच गावच्या खलाशांची कार्ल ब्रॅडली नावाची बोट १८ नोव्हेंबर १९५८ ला मिशिगन सरोवरात वादळात बुडाली, ३५ पैकी ३३ माणसं गेली, बहुतेक या एका छोट्याशा गावातली. बायको म्हणाली इतक्या शांत गावात असं काही झालंय असं वाटतच नाही.

मॅकिनॉ सिटीला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, हेडलाइटची. रिव्हिएराला पुढे दिवे दिसतच नाहीत. दोन्ही फेंडरच्या टोकाला उभी जाळी आहे, दिव्याचं बटण दाबलं की आतली मोटर फिरते आणि जाळी शिंपल्यासारखी वर-खाली उघडते, आतमधून एकावर एक दोन दिवे. डिझाइनमध्ये हे पहिल्यापासून होतं पण १९६३ आणि ६४ च्या गाड्यांना जमलं नाही, ६५ लाच आलं, आणि पुढच्या वर्षी गाडीच बदलली. म्हणजे हा तोंडवळा एकाच वर्षाचा. मॉटेलच्या पार्किंगमध्ये मी दिवे लावले तर आजूबाजूची पोरं धावत आली, परत लावा परत लावा. लेकीने मग स्वतः बसून बटण दाबून दाखवलं सगळ्यांना.

शनिवार : पूल, यूएस-२, सेनी, म्युनिसिंग

मॅकिनॅक पूल. १ नोव्हेंबर १९५७ ला उघडला, पूर्ण लांबी पाच मैल, दोन उंच टॉवरांमधलं अंतरच ३,८०० फूट. मधे पाण्यापासून दोनशे फूट उंचीवर रस्ता. बाहेरची लेन डांबरी आणि आतली लेन नुसती पोलादी जाळी, खाली बघितलं तर पाणी दिसतं. बाबांना जाळीवरूनच जायचं होतं, बायको म्हणाली अजिबात नाही, मग मी अर्ध्या वाटेत हळूच आत घेतली. टायर जाळीवर गेले की एक वेगळाच सूर लागतो, आणि जड गाडी असूनसुद्धा स्टिअरिंग किंचित इकडेतिकडे चालायला लागतं. ज्यांना पूल ओलांडायची भीती वाटते त्यांची गाडी पलीकडे नेऊन द्यायला पुलाची माणसं असतात, हे ऐकल्यावर बायको म्हणाली हे आधी सांगायचंस ना.

पलीकडे सेंट इग्नेस, तिथून यूएस-२ पश्चिमेला. इकडे मिशिगन सरोवर डाव्या हाताला, रस्त्याला लागूनच वाळू, लोक गाडी कडेला लावून सरळ पाण्यात. आम्हीही लावली. ऊन चांगलंच होतं. मग पुढे एका दुकानात पास्टी खायला थांबलो, कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी इकडे आणलेला पदार्थ, जाड कव्हरात बटाटा, रुटाबागा (सलगमसारखा कंद), मांस. भाज्यांची पास्टीपण मिळाली, बाबांनी तिच्यावर चटणी टाकून खाल्ली.

वीसेक मिनिटांनी बाहेर आलो तर गाडी स्टार्ट होईना. हे मला नवीन नाही, जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचा उन्हाळ्यातला नेहमीचा आजार आहे. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, सगळी उष्णता वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये गळतं. आताच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, त्याने तर हे अजूनच लवकर होतं. मग सेल मारला की इंजिन ओल्या पेट्रोलमध्ये गुदमरतं. अशा वेळी लोक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर पंप करतात, तसं केलं की संपलं, प्रत्येक दाबाला अजून पेट्रोल आत जातं. उपाय एवढाच की पेडल एकदाच हळू तळापर्यंत दाबून तिथेच धरून ठेवायचं, बटरफ्लाय, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची झडप, पूर्ण उघडतो, हवा जास्त जाते, आणि सेल मारत राहायचं. सात-आठ सेकंद नुसतं घर्रघर्र, मग एक सिलिंडर पकडलं, मग दुसरं, मग धूर काढत सगळी, आणि मग एकदम शांत. बाबा बाहेर एक्झॉस्टपाशी उभे होते, म्हणाले, "वासावरूनच कळलं मला. आता पुढच्या वेळी बॉनेट उघडं ठेवून जा." त्यानंतर पूर्ण ट्रिपभर कुठे अर्धा तास थांबलो की बॉनेट वर, आणि परत हा प्रकार झाला नाही. शिवाय अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे पुलापलीकडच्या मिशिगनमध्ये, बोटींसाठी, स्नोमोबिलसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल बऱ्याच पंपांवर मिळतं, मिळेल तिथे तेच भरलं. कॉम्प्रेशन १०.२५ आहे त्यामुळे साधं सत्त्याऐंशी ऑक्टेन चालतच नाही, नॉकिंग होतं.

ब्लेनी पार्कला उजवीकडे वळून सेनी. सेनीपासून शिंगलटनपर्यंत एम-२८ हा रस्ता पंचवीस मैल दोरी धरल्यासारखा सरळ आहे, एक वळण नाही, दोन्ही बाजूंना दलदल आणि खुरटी झाडं. लोक या रस्त्याला कंटाळवाणा म्हणतात, मला तो फार आवडला. सेनीत टाकी फुल केली कारण २० गॅलनची टाकी दिसायला मोठी पण गाडी गॅलनला बारा-तेरा मैलच देते. पुढे एक मोठी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, पन्नासने चालली होती. ओव्हरटेक करायला पेडल पूर्ण दाबलं. ६५ च्या ट्रान्समिशनमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या पात्यांचा कोन बदलतो, जोरात दाबलं की पाती वळतात आणि इंजिन एकदम वर उचललं जातं. एअर क्लीनरवर 'वाइल्डकॅट ४४५' लिहिलंय, तो आकडा इंजिनच्या आकाराचा नाही, टॉर्कचा आहे, ४४५ फूट-पौंड आणि तेही फक्त २८०० आरपीएमला. बारीक व्हॉल्व्हमुळे वरच्या आरपीएमला हे इंजिन दमतं पण खालच्या आरपीएमला हत्तीचं बळ. नाक वर झालं, आणि आरव्ही मागे. मागून लेक मला ओरडली, "बाबा, परत!"

रविवार : म्युनिसिंग, मार्केट (Marquette)

पिक्चर्ड रॉक्स बघायला म्युनिसिंगहून बोट जाते. लेक सुपिरिअरच्या काठाचे उंच वालुकाश्माचे कडे आणि त्यावर पाणी झिरपून पडलेले रंगांचे पट्टे, लोखंडाचे तांबडे, मँगनीजचे काळे, तांब्याचे निळे-हिरवे. १९६६ ला हा देशातला पहिला नॅशनल लेकशोर झाला. यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, फोटोही ढीगभर आहेत, त्यामुळे मी एवढंच म्हणतो की दुपारनंतरची बोट घ्या, ऊन कड्यांवर समोरून पडतं.

म्हणून आम्ही सकाळ मोकळी ठेवली होती, त्यात मी पॉइंट्स बघून घेतले. या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक छोटी पत्र्याची खिडकी आहे, ती वर सरकवून इंजिन चालू असताना आत अ‍ॅलन की घालून ड्वेल, म्हणजे पॉइंट्स मिटलेले राहतात तो कोन, सेट करता येतो. मीटर लावला, ३० डिग्री पाहिजे, थोडा सरकला होता, पाव फेरा दिला आणि आयडल एकदम गुळगुळीत. इतका साधा, इतका विचार करून केलेला भाग मी दुसऱ्या गाडीत बघितला नाही.

संध्याकाळी मार्केट नावाच्या गावाला पोचलो, तिथे वरच्या बंदरात लोखंडाच्या खनिजाचा धक्का आहे, १९१२ सालचा, अजून चालू. नशिबाने बोट लागलेली होती. वर रेल्वेचे डबे येतात, खनिजाच्या गोळ्या खणांमध्ये पडतात आणि मग लांब घसरगुंड्या खाली करून बोटीत. एक घसरगुंडी खाली आली आणि जो गडगडाट झाला तो पोटात जाणवला. १८४४ मध्ये इथून जवळ निगॉनीला सर्व्हेवाल्यांचं होकायंत्र वेडंवाकडं फिरायला लागलं म्हणून लोखंड सापडलं. बाबा म्हणाले, "परवा चुनखडी, आज लोखंड. भट्टीच राहिली बघायची." खरंच, या गाडीला जे जे लागलं त्यातलं बरंच याच राज्याच्या जमिनीतून निघतं, आणि आम्ही ते नकाशावर एकापाठोपाठ एक बघत चाललो होतो. ठरवून नव्हतं केलं, रस्ताच तसा आहे.

सोमवार : हॉटन

लांस गावापर्यंत यूएस-४१, मग खाडीच्या काठाने हॉटन. हॉटन आणि हँकॉकच्या मधे उचलला जाणारा पूल आहे, १९५९ चा, वरच्या किवनॉला, म्हणजे कॉपर हार्बर आहे त्या टोकाला, जायला हा एकच पूल. मॉटेलला गाडी लावून ऑइल बघायला बॉनेट उघडलं आणि टॉर्च मारली तर अल्टरनेटरच्या पट्ट्याची कड उसवलेली, दोरे बाहेर आलेले. निघताना चांगला होता. साडेपाचशे मैलांच्या वर उन्हात चालला, वय झालं असणार.

आमच्याकडे बेल्ट होता. पॉवर स्टिअरिंगचा पट्टा पुढे असतो तो आधी काढावा लागतो, त्याशिवाय मागचा निघत नाही. मी ९/१६ चा पाना लावून बोल्ट ढिला केला, बाबा टॉर्च धरून. पंप आत ढकलला, पुढचा पट्टा निघाला. मग अल्टरनेटरचा. जुना पट्टा बाबांनी हातात घेऊन उलटा वळवून बघितला, आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आडव्या भेगा. नवा चढवला. आता ताण द्यायचा. मी टायरचा लोखंडी बार अल्टरनेटरला टेकवणार तोच बाबांनी हात धरला. "थांब. अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, लोखंडाने दाबशील तर चीर जाईल. हातोडी दे." हातोड्याचा लाकडी दांडा त्यांनी पुढच्या जाड भागाला टेकवला, एका हाताने सावकाश ओढून धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पट्टा मधे दाबून बघितला, अर्धा इंच खाली गेला पाहिजे, जास्त नाही, म्हणाले "आवळ." मी आवळला. इंजिन चालू केलं, आवाज नाही, दिवे लावले तरी ताण उतरला नाही. शेजारच्या खोलीतला एक ट्रकवाला एवढा वेळ खुर्ची टाकून बसला होता, त्याने बाबांना थंड पाण्याची बाटली आणून दिली.

लोक मला विचारतात की एवढ्या जुन्या गाडीने लांब जायची भीती नाही वाटत का. या गाडीत काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, आणि पार्किंगमध्ये दोन पान्यांनी दुरुस्त होतं. मला तरी तीच मोठी खात्री वाटते.

मंगळवार : कॉपर हार्बर

सकाळी हँकॉकच्या टेकडीवर क्विन्सी खाण बघितली. तांब्याची खाण, १९४५ ला बंद झाली, तोवर तिरकस खाली ९,२६० फूट गेली होती. तेवढ्या खोलातून माणसं आणि तांबं वर ओढायला १९२० मध्ये बसवलेलं वाफेचं हॉइस्ट, नॉर्डबर्ग कंपनीचं, जगातलं सगळ्यात मोठं वाफेचं हॉइस्ट. ड्रम घराएवढा, दोन्हीकडे निमुळता, त्यावर दोर गुंडाळायच्या चऱ्या. बाबा त्या चऱ्यांवरून हात फिरवत होते आणि मला म्हणाले हा ड्रम ज्या लेथवर चढवला असेल तो लेथ बघायला पाहिजे होता. खाणीच्या आत बाहेर कितीही ऊन असो त्रेचाळीस फॅरनहाइटच असतं, स्वेटर न्या.

आमच्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, मूळचा, दुकानात नेऊन परत डाग दिलेला. लेक म्हणाली म्हणजे यातलं तांबं इथलंच असेल का. तसं सांगता येत नाही पण तिला प्रश्न पडला याचा मला आनंद झाला.

हँकॉकपासून पुढचा यूएस-४१ शेवटी शेवटी झाडांच्या बोगद्यातून जातो, दोन्हीकडच्या फांद्या वर भिडलेल्या, रस्ता लाटांसारखा वर-खाली आणि वळणावळणांचा. इथे या गाडीला घाई करायची नाही, ती वळणात कलते, पण एकदा कलली की तशीच धरून राहते, तुम्ही फक्त हात शांत ठेवायचे. कॉपर हार्बरच्या पुढे रस्ता संपतो, एक गोल वळसा आणि पाटी, इथून मायामी १,९९० मैल. फोटो काढला, सगळेच काढतात.

मग ब्रॉकवे माउंटन ड्राइव्ह. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, बेकार कामगारांना काम म्हणून बांधलेला रस्ता, साधारण नऊ मैल, वर पोचलात की लेक सुपिरिअर ७२० फूट खाली. चढ सहज चढली. उतरताना गिअरचा दांडा 'एल'मध्ये (खालच्या गिअरला) टाकून इंजिनावर उतरवली. ब्रेक ड्रमचे आहेत, पण पुढचे ड्रम अ‍ॅल्युमिनियमचे, बाहेरून पंख काढलेले, उष्णता पटकन सोडतात, त्या काळच्या अमेरिकन गाड्यांमध्ये सगळ्यात चांगल्या ब्रेकांपैकी हे. तरी एक गोष्ट मनात राहते. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकच्या नळ्यांत तेल ढकलणारा भाग, एकच सर्किटचा आहे. कुठे एका चाकाचा होज फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात, उरतो फक्त पार्किंग ब्रेक. दोन सर्किटं १९६७ पासून आली सगळ्या अमेरिकन गाड्यांना. वरती बाकावर बसून बाबांशी यावरच बोलणं झालं, बराच वेळ, कारण तिकडे उन्हाळ्यात रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो.

बुधवार आणि गुरुवार : परत

येताना हवा बदलली, मार्केटच्या पुढे धो धो पाऊस. खांब नसलेल्या गाडीचा हा एक तोटा, दोन काचा जिथे मिळतात तिथल्या रबरातून पाणी झिरपतं. लेकीच्या गुडघ्यावर टॉवेल घातला. ते रबर नवीन मिळतं, बसवायला जीव खातं. सेंट इग्नेसला मुक्काम आणि गुरुवारी आय-७५ ने सरळ घरी, पासष्टने, उजव्या लेनमध्ये. पूर्ण ट्रिपमध्ये ऑइल अर्ध्या क्वार्टच्या आसपास कमी झालं, कूलंट जागच्या जागी.

घरी आल्यावर ब्रेकचा वाद परत निघाला. जुन्या गाड्यावाल्यांपैकी बरेचजण म्हणतात कारखान्यातून आली तशीच ठेवा, एक बोल्ट बदलू नका. मी रंगाच्या बाबतीत, सीटच्या बाबतीत, कार्बोरेटरच्या बाबतीत त्यांच्याच बाजूचा आहे. पण मागे माझी पोरगी बसते आणि गाडी मी डोंगरावर नेतो, तेव्हा दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर बसणार. जुना सुटा करून डब्यात जपून ठेवीन, पुढे कोणाला मूळ रूप हवं असेल तर तासाभरात परत लागेल. बाबांना आधी हे पटत नव्हतं, म्हणाले पुढच्या आणि मागच्या ब्रेकांचं प्रेशर बिघडेल, ड्रमला आणि डिस्कला वेगवेगळे सिलिंडर लागतात, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) चुकवू नकोस. बरोबर आहे त्यांचं. मग त्यांनीच जुन्याचा बोअर आणि पुशरॉडची लांबी कॅलिपरने मोजून वहीत लिहिली, आणि त्या मापाचा ड्रम-ड्रमवाला शोधून ऑर्डर केलाय. नवीन स्टीलच्या नळ्या मी वाकवून ठेवल्यात, फ्लेअर मारायचं, म्हणजे नळ्यांची टोकं पसरवायचं काम, बाबांनी स्वतःकडे घेतलंय, त्यांची फ्लाइट सप्टेंबरात आहे, त्याआधी बसवून, ब्लीड करून म्हणजे नळ्यांतली हवा काढून होईल.